पूर्ण अंतराची ट्रायथलॉन : संयोजन समितीच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

आजच्या बैठकीत एकदाचं ठरलं. यंदा अर्धं अंतर नको, पूर्णच घ्यायचं. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं आणि सगळं मिळून १७ तास. तारीख रविवार, २३ नोव्हेंबर.

अर्ध्या अंतराची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. १.९, ९० आणि २१.१ किमीची स्पर्धा संध्याकाळच्या आत आटोपते, रस्ते लवकर मोकळे होतात, माणसं दमायच्या आत घरी जातात. ती आपण काही वर्षं नीट भरवली आहे. पूर्ण अंतर म्हणजे पहाटे अंधारात सुरू झालेलं काम मध्यरात्रीनंतर संपणार. तरीही मी पूर्ण अंतराच्या बाजूने मत दिलं. इतका वेळ सगळ्या गावाला एकाच कामावर उभं करणारी दुसरी स्पर्धा मला माहीत नाही, आणि आपलं गाव ते पेलेल असा माझा भरवसा आहे.

या अंतराची स्पर्धा १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण सुरुवातीला उभे होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. खाणंपिणं आणि मदतीची माणसं ज्याची त्याने आणायची होती. आज जर्मनीतल्या रोथसारख्या जेमतेम पंचवीस हजार वस्तीच्या गावात हेच अंतर होतं आणि काही हजार स्वयंसेवक दिवसभर राबतात. अंतरं बहुतेक तीच राहिली. स्पर्धकाबरोबर येणाऱ्या दोन-चार माणसांची जागा अख्ख्या गावाने घेतली. आपण हातात घेतलंय ते हे दुसरं काम.

किती स्पर्धक घ्यायचे हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला. सहाशेचा आकडा दोघातिघांच्या तोंडी होता. मी म्हटलं, आधी मार्ग चालून बघू, माणसं मोजू, मग आकडा ठरवू.

२० एप्रिल

सायकलचा मार्ग पाहिला. दोन पर्याय आहेत : ९० किमीच्या दोन फेऱ्या किंवा ६० किमीच्या तीन. नव्वदच्या मार्गावर नाके जास्त, माणसं जास्त आणि त्यात एक रेल्वे फाटक आहे. फाटकामुळे तो पर्याय तिथेच संपला. फाटक बंद असताना थांबलेल्या सायकलस्वाराची वेळ वजा करायची म्हटलं तर निकालावर दिवसभर वाद, आणि दमलेला माणूस फाटकाखालून वाकून जायला बघणार.

साठच्या फेरीत अडचण वेगळी आहे. फेरी बंद वर्तुळाची आहे आणि वर्तुळाच्या पोटात तीन वस्त्या आहेत. सकाळी सातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्या वस्त्यांतून कुठल्याही बाजूने बाहेर पडायचं तर स्पर्धेचा रस्ता ओलांडावाच लागतो. नकाशावर फेरी सुटसुटीत दिसते. आत राहणाऱ्याला मात्र ती दिवसभराची नाकाबंदी.

छोटे-मोठे फाटे, शेतात जाणाऱ्या वाटा, सगळं धरून मार्गावर ६८ ठिकाणं रस्त्याला मिळतात. त्यातल्या ४२ ठिकाणी माणूस उभा असल्याशिवाय भागणार नाही. बाकीच्यांना बॅरिकेड आणि फलक पुरेल.

४ मे

वस्त्यांमधल्या लोकांबरोबर पहिली बैठक. समितीतल्या काहींना वाटत होतं, आधी पोलिसांची परवानगी आणावी आणि मग लोकांना कळवावं. मी हट्टाने उलट क्रम धरला. परवानगी हातात घेऊन गेलो तर आपण सांगायला गेलो असं होतं. परवानगीच्या आधी गेलो तर विचारायला गेलो.

बरेच जण आले होते. सुरुवातीला प्रश्न अपेक्षित तेच : दुधाचा टँकर कसा येणार, पाहुणे येणार असतील तर काय, म्हातारं माणूस आजारी पडलं तर. मग मागे बसलेल्या एक काकू उठल्या.

“आमच्या ह्यांचं डायलिसिस असतं. आठवड्यातून तीन वेळा. त्यात रविवार येतो. दहाला मशीनवर बसावं लागतं. तुमची शर्यत आहे म्हणून मशीन थांबत नाही.”

सगळे गप्प झाले. मी विचारलं, “काकू, घरातून किती वाजता निघता?”

“सव्वानऊला. साडेनऊ म्हणजे उशीर.”

सव्वानऊ म्हणजे पोहून बाहेर आलेल्यांची पहिल्या फेरीतली सर्वांत दाट वेळ. मी तिथल्या तिथे शब्द दिला की सव्वानऊला त्यांची गाडी रस्ता ओलांडेल, आणि तसं वहीत लिहून त्यांना वाचून दाखवलं. लेखी दिलेला शब्द मोडायला माणसाला दहा वेळा विचार करावा लागतो, म्हणून वही.

बैठकीतून निघालेलं काम : वर्तुळावर चार ठिकाणी ओलांडणी-गेट. प्रत्येक गेटवर दोन मार्शल, एक वरच्या बाजूला दोनशे मीटरवर वॉकीटॉकी घेऊन, दुसरा गेटपाशी लाल-हिरवा झेंडा घेऊन. सायकलींमध्ये पुरेशी फट दिसली की गाड्या सोडायच्या. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि डायलिसिससारखी ठरलेली वेळ, यांना फट दिसायची वाट बघायला लावायची नाही. त्यांच्यासाठी सायकली थांबतील. नियमपत्रकात तसं स्पष्ट छापायचं.

५ मे

वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला. कालच्या बैठकीची टिपणं अर्जाला जोडली. अधिकाऱ्यांनी आधी ती वाचली, नकाशा नंतर.

१ जून

आज आकडा ठरवला : ३५० स्पर्धक. बैठक लांबली, आवाजही चढले, पण ठरलं.

माझं गणित असं होतं. नाक्यांवर लागणारी माणसं स्पर्धक दहा असोत की हजार, तेवढीच लागतात. ४२ नाके, दोन पाळ्या, म्हणजे ८४. सायकल मार्गावर तीन पाणी-ठाणी, प्रत्येकी वीस जण, दोन पाळ्या : १२०. धावण्याच्या मार्गावर चार ठाणी, पंधरा-पंधरा जण, दोन पाळ्या : पुन्हा १२०. कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या), बोटी आणि काठ मिळून ४५. ट्रान्झिशन म्हणजे जिथे पोहून आलेला सायकल घेतो आणि सायकलवरून आलेला बूट चढवतो, तिथे ४०. वैद्यकीय तंबू, पिशव्यांचं वाटप, शेवटची रेषा, गेट, राखीव माणसं यांना ६० तरी हवेत. बेरीज ४६९. हे साडेतीनशे स्पर्धकांसाठी. सहाशे धरले तर ठाणी आणि ट्रान्झिशनवरची माणसं जवळपास दीडपट होतात.

आपल्या यादीत आज ३८० पक्की नावं आहेत. उरलेली नव्वद ऑक्टोबरपर्यंत जमतील. दोनशे जमणार नाहीत.

“तलाव हजार माणसं सहज घेईल,” असं एकाने म्हटलं. घेईलही. पण रात्री साडेअकराला शेवटून दुसऱ्या ठाण्यावर जो येणार आहे, त्याला पेला द्यायला कुणीतरी जागं असायला हवं. पहिल्या नंबराच्या माणसाला पाणी द्यायला सगळेच तयार असतात. त्यामुळे स्पर्धेचा आकडा रात्रीच्या पाळीवर किती नावं लागतात त्यावरून ठरावा, तलावाच्या लांबी-रुंदीवरून नव्हे. हे म्हणणं शेवटी सर्वांना पटलं. रात्रीच्या पाळीची यादी आधी भरायची आणि सकाळची नंतर, असंही ठरलं.

२२ जून

पोहण्याचा मार्ग. १.९ किमीच्या दोन फेऱ्या, मध्ये काठावर येऊन चटईवरून पळत पुन्हा पाण्यात. यामुळे पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जण एकदा डोळ्यांसमोरून जातो, आणि कुणाची अवस्था बरी नसेल तर तिथेच कळतं.

सकाळी कयाक घेऊन पोहणं-प्रमुख ताई आणि मी मार्गावर गेलो. कागदावर फेरी डावीकडून उजवीकडे होती. पहिल्या बोयाकडे, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे, तोंड केलं तर समोर थेट उगवतीचा सूर्य. पाण्यावरची चमक इतकी की पिवळा बोय तीस मीटरवर असूनही दिसेना. ताई पाण्यात उतरल्या, चार हात मारून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, “काही दिसत नाही. मी कयाकच्या आवाजावर पोहतेय.” साडेतीनशे माणसं आंधळेपणाने एका बोयाकडे निघाली तर एकमेकांच्या अंगावर जाणार.

फेरीची दिशा उलटी केली. आता सूर्य पाठीशी असताना लांब सरळ भाग येतो आणि परतीचा समोरचा भाग आखूड राहतो. वळणाचे बोय नारिंगी, दिशेचे पिवळे. समोरच्या काठावर जलशुद्धीकरणाची उंच टाकी दिसते, ती खूण म्हणून माहितीपत्रकात द्यायची.

सुरुवात एकदम सगळ्यांनी करायची नाही. स्वतःच्या अंदाजित वेळेप्रमाणे रांग लावायची आणि वीस मिनिटांत सगळ्यांना थोडे थोडे करून सोडायचं. प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या घोट्यावरची वेळ टिपणारी चिप चटई ओलांडेल तेव्हापासून.

सुरक्षेबाबत कसलीही काटकसर नको, हे मी आज पुन्हा लिहून ठेवतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडल्याच्या घटना यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. १३५ घटनांपैकी ९० पोहण्यात घडल्या होत्या. दर शंभर मीटरला एक कयाक, म्हणजे १९. दोन मोटारबोटी, प्रत्येकीत जीवरक्षक आणि एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. कयाकवरच्या प्रत्येकाने सीपीआरचं (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचं) प्रशिक्षण घेतलेलंच हवं.

१३ जुलै

पाण्याचा हिशेब. सायकलवर नऊ वेळा ठाणं लागतं, माणशी एक बाटली धरली तर ३१५०. उन्हासाठी वर पाचवा हिस्सा. धावताना सोळा वेळा ठाणं, दरवेळी दोन पेले : ११,२००. केळी, मीठ, ताकदीसाठीचं पाकिटातलं जेल, इलेक्ट्रोलाइट, बर्फ वेगळे. बर्फ पिण्यासाठी कमी आणि टोपीत, मानेवर ठेवायला जास्त लागतो.

१० ऑगस्ट

३५० जागा भरल्या. वाढवून देण्याची मागणी आली, समितीने एकमताने नाही म्हटलं.

३१ ऑगस्ट

वैद्यकीय पथकाचं प्रशिक्षण. डॉक्टरांनी दोन गोष्टींवर दिवस घालवला आणि दोन्ही ठाण्यांवरच्या साध्या स्वयंसेवकांनाही माहीत हव्यात.

पहिली उष्माघात. माणूस बरळतोय, तोल जातोय आणि गुदद्वाराने घेतलेलं तापमान ४० अंशांच्या वर असेल तर आधी थंड करायचं, मग हलवायचं. रुग्णवाहिकेची वाट बघत तंबूत झोपवून ठेवायचं नाही. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवायचं. दोन टब शेवटच्या रेषेजवळ आणि एक टी-टूपाशी, म्हणजे सायकल ठेवून धावायला निघतात तिथे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना नवीन होती. लांब स्पर्धेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, सुजलेली बोटं, गोंधळलेलं बोलणं. लांबून बघणाऱ्याला हा माणूस पाण्याविना कोसळतोय असंच वाटतं, आणि त्याला आणखी पाणी दिलं किंवा साधं सलाईन लावलं तर तो दगावू शकतो. म्हणून तंबूत आधी सोडियम तपासायचं. १३५ च्या खाली असेल आणि लक्षणं गंभीर असतील तर ३ टक्क्यांचं सलाईन, एका वेळी १०० मिलि. सगळ्यांचं वजन आदल्या दिवशी नोंदवायचं. एवढा मोठा दिवस काढून वजन वाढलेलं दिसलं तर तीच मोठी खूण.

ठाण्यावरच्या माणसाने ओरडून “पाणी प्या, पाणी प्या” करायचं नाही. हातात पेला धरायचा, “पाणी?” एवढं विचारायचं. ज्याला हवं तो घेईल. आग्रह करून पाजायची आपली सवय त्या दिवसापुरती बाजूला ठेवायला लागणार, आणि हे मी प्रत्येक ठाण्यावर स्वतः जाऊन सांगणार आहे.

२८ सप्टेंबर

सायकल फेरीची चाचणी, रस्ता चालू ठेवूनच. चाळीसाव्या किलोमीटरला उतारानंतरच्या वळणावर बारीक खडी साचते. कितीही झाडली तरी ट्रक पुन्हा टाकतात. स्पर्धेच्या दिवशी पहाटे झाडायची आणि वळणाच्या आतल्या बाजूला गवताच्या पेंढ्या लावायच्या. गतिरोधकांना पांढरा रंग आणि पन्नास मीटर आधी फलक.

गेटची चाचणीही घेतली. वरचा मार्शल आणि झेंड्यावरचा मार्शल एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकीवरचा एक शब्द हुकला की गोंधळ. दोन नंबरचं गेट सत्तर मीटर पुढे सरकवलं, आता दोघांना एकमेकांचे झेंडे दिसतात.

१९ ऑक्टोबर

सगळ्या स्वयंसेवकांची बैठक. सभागृह भरलं, बाहेर पायऱ्यांवर माणसं बसली. नव्वदपैकी ब्याऐंशी नावं जमली आहेत.

नियम सांगितले. हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय रॅकवरून सायकल काढायची नाही. आखलेल्या रेषेपलीकडेच चढायचं, परत येताना रेषेआधी उतरायचं. दोन सायकलींमध्ये १२ मीटर अंतर, ओलांडायचं असेल तर रेंगाळत न राहता पुढे जायचं. कचरा ठाण्याच्या पट्ट्यातच टाकायचा, बाहेर टाकला तर शिक्षा. लोकांच्या दारातून सायकली जाणार आहेत, दुसऱ्या दिवशी तिथे जेलची पाकिटं दिसता कामा नयेत.

सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीवर गेला : पडलेल्याला हात द्यायचा का? फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतल्या याच स्पर्धेत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. पुन्हा पुन्हा उठली, पडली आणि अखेरचे काही मीटर रांगत गेली. कॅथलीन मॅककार्टनी तिच्या पुढे गेली आणि मॉस दुसरी आली. ते टीव्हीवर पाहून जगभरातले लोक या खेळाकडे वळले. पण समजा आपल्यासमोर कुणी असं पडलं, आणि आपण धरून दहा पावलं चालवलं, तर ती बाहेरची मदत ठरते आणि तो बाद होऊ शकतो. आपल्या लोकांचे हात आपोआप पुढे जाणार, हे मला ठाऊक आहे.

ठरलं ते असं : जवळ जायचं, डोळ्यांत बघायचं, नाव आणि बिब नंबर, म्हणजे अंगावर लावलेला स्पर्धक क्रमांक, विचारायचा. नीट उत्तर आलं तर शेजारी उभं राहायचं आणि वैद्यकीय पथकाला कळवायचं. उत्तर नीट आलं नाही तर नियम गेला बाजूला, लगेच हात द्यायचा. एका पोराने विचारलं, “काका, आणि तो रडत असेल तर?” मी म्हटलं, “तर त्याच्याशी बोल. बोलायला बंदी नाही.”

५ नोव्हेंबर

तलावाच्या पाण्याचा अहवाल. गोड्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १०० मिलिलिटरला ई. कोलाय ५०० आणि एंटेरोकोकाय २००. चारपैकी तीन ठिकाणचे नमुने मर्यादेच्या बरेच आत. ओढा जिथे मिळतो तिथला नमुना मात्र वर गेला, कारण परवा जोराचा पाऊस झाला आणि शेतांतलं पाणी ओढ्याने आलं.

पोहण्याचा मार्ग ओढ्याच्या मुखापासून आणखी अडीचशे मीटर लांब नेला. नमुन्यातले जंतू वाढवून मोजायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे शेवटचा नमुना १९ तारखेला घ्यायचा आणि २१ ला निकाल हातात पाहिजे. पाणी नापास झालं तर पोहणं रद्द करून धावणं-सायकल-धावणं घ्यायचं, त्याचं वेळापत्रक आजच तयार करून ठेवलं.

१७ नोव्हेंबर

घरोघरी पत्रकं वाटली. प्रत्येक वस्तीला वेगळं पत्रक : तुमच्या रस्त्यावर पहिली सायकल किती वाजता, शेवटची किती वाजता, जवळचं गेट कुठे, तातडीला कुठल्या नंबरवर फोन करायचा. सर्वांना एकच सरसकट “सकाळी ७ ते संध्याकाळी ५.३०” असं छापणं सोपं होतं. पण शेवटच्या फेरीत मागून स्वीप गाडी येते आणि तिच्या मागे रस्ता मोकळा होत जातो. वरच्या वस्तीचा रस्ता साडेतीनलाच मोकळा होणार असेल तर त्यांना दोन तास उगाच का अडकवायचं?

२१ नोव्हेंबर

पाणी पास. चारही ठिकाणी.

२३ नोव्हेंबर, लिहिली २४ च्या पहाटे

झोप येणार नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

साडेपाचला पाण्याचं तापमान घेतलं, साठ सेंटिमीटर खोलीवर, मार्गावर तीन ठिकाणी. २३.८ अंश. हौशी स्पर्धकांना एवढ्या अंतरासाठी २४.६ पर्यंत वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा उबदार रबरी पोशाख, चालतो, त्यामुळे परवानगी दिली. नीट उजाडल्यावर साडेसहाला पहिला गट पाण्यात. शेवटचा सहा पन्नासला.

चटईवर आत गेलेले ३२२. नऊ दहाला पोहण्याची वेळ संपली. बाहेर आलेले आणि कयाकवरून आणलेले मिळून ३२१.

एक कमी. हा आकडा ऐकल्यावर काठावरचा प्रत्येक माणूस पाण्याकडे बघायला लागला. ताईंनी दोन्ही बोटी मार्गावर पाठवल्या, कयाक जागेवर थांबवले आणि एक क्षणही न घालवता ट्रान्झिशनला वॉकीटॉकीवर विचारलं : “चिपची नोंद न झालेला नंबर सांगते, त्याच्या रॅकवर सायकल आहे का?” तिकडून रॅकच्या रांगेतून पळण्याचा आवाज आला. मग, “सायकल नाही. हेल्मेट नाही. वेटसूट खाली पडलाय, ओला आहे.” म्हणजे तो पोहून आला होता आणि सायकलवर गेला होता. पहिल्या नाक्यावरच्या मार्शलने बिब नंबर वाचून खात्री केली. चिपचा पट्टा पाण्यात तुटला होता. सगळं मिळून चार मिनिटं. बोटी तोवर मार्गाचा तिसरा हिस्सा तपासून आल्या होत्या, आणि तेच बरोबर होतं. रॅकचा निरोप येईपर्यंत तो पाण्यात आहे असं धरूनच काम करायचं.

सव्वानऊला तीन नंबरच्या गेटवर काकूंची गाडी आली. वरच्या मार्शलने सायकली हळू केल्या, सहा जण थांबले, गाडी गेली. थांबलेल्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही. त्यांची थांबल्याची वेळ नोंदवून वजा केली.

दुपार संथ गेली. खडीच्या वळणावर कुणी पडलं नाही. दोन पस्तीसनंतर तिसऱ्या फेरीला सोडायचं नाही असं ठरलं होतं, तिथे अकरा जणांना थांबवावं लागलं. थांबवण्याचं काम आम्ही मुद्दाम सर्वांत मृदू बोलणाऱ्या बाईंना दिलं होतं. त्यांनी प्रत्येकाला पाणी दिलं, बसवलं, आणि मग सांगितलं.

संध्याकाळी वैद्यकीय तंबूत एक जण आला. बोटातली अंगठी रुतलेली, वाक्य पूर्ण होईना. आदल्या दिवशीपेक्षा वजन दीड किलो जास्त. तपासलं तर सोडियम १२६. डॉक्टरांनी ३ टक्क्यांचं सलाईन दिलं, बोलणं थोडं सुधारल्यावर रुग्णालयात हलवलं. रात्री दहाला निरोप आला की शुद्धीवर आहे आणि घरच्यांशी नीट बोलतोय.

धावण्याच्या मार्गावरचा कालव्याकाठचा अंधारा तुकडा दिव्यांमुळे चांगला झाला. साडेदहानंतर गावातले लोक घरी जातील असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. चौथ्या ठाण्यावर रात्रपाळीचे पंधरा होते, पण प्रत्यक्षात चाळीस तरी माणसं होती. सकाळची पाळी संपलेली पोरं आंघोळ करून परत आली होती. येणाऱ्या प्रत्येकाचा बिब नंबर यादीत बघून नावाने हाक मारत होती.

अकरा एक्केचाळीसला वेळेतला शेवटचा स्पर्धक रेषेवर आला. २८४ वा.

बारा वाजून सहा मिनिटांनी आणखी एक जण. त्याचे सतरा तास संपले होते. याबद्दल आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणून बरं झालं, त्या क्षणी भावनेच्या भरात काहीही झालं असतं. निकालात नाव नाही, पदक नाही. पण कमान उभी होती, दिवे चालू होते, डॉक्टर जागेवर होते, खुर्ची आणि ब्लँकेट तयार होतं. तो येताना लोक पहिल्या नंबराच्या वेळेइतक्याच मोठ्याने ओरडत होते. बसल्यावर त्याने एवढंच विचारलं, “मी अजून मार्गावर आहे हे तुम्हाला माहीत होतं?” माहीत होतं. दर ठाण्यावरून त्याचा नंबर येत होता.

२६ नोव्हेंबर

आढावा. सुधारायच्या गोष्टी : चिपचे पट्टे बदलायचे, दोन्ही घोट्यांवर चिपचा विचार. गेट क्रमांक एकवर दुपारी बारा ते एक गाड्यांची रांग वीस मिनिटांवर गेली, ते खपवून घेण्यासारखं नाही. बर्फ साडेसातला संपत आला होता. टी-टूपाशी टब लागलाच नाही, तरी पुढच्या वेळीही ठेवायचा. रुग्णालयातला स्पर्धक घरी गेला.

रस्त्यांवर सोमवारी सकाळी फिरून आलो. जेलची काही पाकिटं सापडली, एकाच चढावर. चढावर माणूस पाकीट खिशात परत ठेवत नाही, तर तिथे कचऱ्याचा पट्टा द्यायला हवा.

७ डिसेंबर

वस्त्यांमधली बैठक, एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी आणि वही बरोबर नेली होती. गेट एकच्या रांगेवरून लोक बोलले, स्पष्ट बोलले. एका दुधवाल्या दादांचा टँकर पंचवीस मिनिटं उभा होता. त्यांना मी गेटच्या नोंदीतली वेळ दाखवली, त्यांनी मानली, आणि म्हणाले, “दुसरं गेट माझ्या गोठ्याच्या वाटेवर द्या. दोन माणसं मी देतो.”

काकू आल्या होत्या. रविवारी मशीनवर वेळेत बसले, एवढं सांगितलं आणि पुढच्या वर्षीची तारीख विचारली, म्हणजे रुग्णालयात आधीच वार बदलून मागता येईल.

वस्त्यांनी पुढच्या वर्षाला होकार दिला, तीन अटींवर : गेटं चारऐवजी सहा, फेरीची दिशा आलटून-पालटून म्हणजे दरवर्षी उशिरा मोकळी होणारी वस्ती तीच राहणार नाही, आणि स्पर्धक ३५० च्या वर नाही. पहिल्या दोन अटी तिथेच मान्य केल्या. तिसरी अट आमचीच होती. गोठ्याच्या वाटेवरची दृष्टी आणि अंतर मोजायला मार्शल-प्रमुख आणि मी येत्या रविवारी जातोय, सायकली ज्या वेळी तिथून गेल्या त्याच वेळी.